सतरा नंबरातली दोन मुलं

अजिंठा म्हटलं की आपल्याकडे गाडी रॉबर्ट गिल आणि पारोवर येऊन थांबते. महानोरांची दीर्घ कविता आहे, २०१२ साली सिनेमाही येऊन गेला, आणि गिलसाहेबाची कबर भुसावळलाच आहे, त्यामुळे जिव्हाळा साहजिक आहे. मला मात्र तिथली दोन लहान मुलं जास्त छळतात. सतरा नंबरच्या लेण्यात आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर त्यांची गोष्ट रंगवलेली आहे. मुलाचं नाव जाली, मुलीचं कृष्णाजिना. बहुतेक लोक पद्मपाणी पाहून दमलेले असतात, इथवर पोचेपर्यंत त्यांचं लक्ष परतीच्या बसकडे लागलेलं असतं.

गोष्ट विश्वंतर जातकातली. विश्वंतर हा दानशूर राजपुत्र, इतका की पाऊस पाडणारा राज्याचा पांढरा हत्तीही त्याने परक्या राज्याला देऊन टाकला. प्रजा खवळली, त्याला वनवास झाला. बायको माद्री आणि दोन्ही मुलं बरोबर निघाली. वाटेत घोडे मागितले, दिले. रथ मागितला, तोही दिला. शेवटी डोंगरातल्या झाडीत पर्णकुटी बांधून चौघं राहू लागली. माद्री सकाळी कंदमुळं-फळं आणायला रानात जायची आणि दिवेलागणीला परतायची. तेव्हा धुळीने माखलेली पोरं वासरासारखी तिच्याकडे धावत सुटायची.

एक दिवस ती रानात गेलेली असताना जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण आला. त्याच्या तरुण बायकोला कामाला गडी हवे होते. त्याने मुलंच मागितली. पोरं घाबरून कमळाच्या तळ्यात उतरली आणि पानांखाली लपली. बापाने हाक मारून बाहेर बोलावलं आणि देऊन टाकली. जूजकाने वेलीने त्यांचे हात बांधले आणि बापाच्या डोळ्यांदेखत मारत मारत नेलं.

इकडे माद्रीची वाट सिंह, वाघ आणि बिबट्याने अडवलेली. ते खरे देवच होते. ती वेळेवर पोचली तर दानात विघ्न येईल म्हणून आडवे उभे राहिले होते! तिने हात जोडले, मुलं भुकेली असतील हो, म्हणून विनवलं. सोडलं तेव्हा चंद्र वर आला होता. आश्रमात येते तर कुणी धावत येत नाही. खेळणी तिथेच पडलेली. नवऱ्याला विचारते, तर तो गप्प.

पालीतली ही जागा मी भाषांतरात वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. बुद्ध होण्याआधीचा हा त्याचा शेवटचा मानवजन्म, दानाची पराकाष्ठा, हे सगळं मान्य. पण मुलं ही काय हत्ती-घोड्यांच्या यादीत बसणारी वस्तू आहे? आणि मजा म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यालाही हे टोचत असणार. नाहीतर त्या एका रात्रीसाठी त्याने आईला इतकी जागा दिली नसती. रात्रभर ती एकेका झाडाखाली शोधत फिरते आणि पहाटे बेशुद्ध पडते.

चित्रकारानेही आपलं मत लपवलेलं नाही. त्याचा जूजक पाहा! बोकडदाढी, दातांचा पत्ता नाही, चेहऱ्यावर हावरेपणा. मुलं शेवटी आजोबांच्या दरबारात पोचतात. आजोबा मांडीवर बोलावतात तर जाली म्हणतो, आम्ही आता या ब्राह्मणाचे दास, मांडीवर कसे बसू? बापाने देतानाच सोडवणुकीची किंमत ठरवून दिलेली असते. मुलाची हजार सुवर्णमुद्रा. मुलीची त्याहून कितीतरी जास्त, दास-दासी, हत्ती, घोडे, बैल शंभर शंभर आणि वर शंभर मुद्रा, म्हणजे कुणा ऐऱ्यागैऱ्याला तिला सोडवून नेता येऊ नये. भिंतीवर जूजकाच्या पदरात नाणी ओतली जाताना दिसतात. पुढे तो खाऊन खाऊन मरतो, हे वाचून मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता आपल्या खानदेशाचा संबंध. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण जळगावहून साठेक किलोमीटरवरच. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, सतरावं लेणं खोदवलं ते त्याच्या एका मांडलिकाने. वा. वि. मिराशींच्या मते हे घराणं ऋषिक देशाचं, म्हणजे आजच्या जळगाव-धुळ्याकडचं. म्हणजे हा आपलाच राजा, म्हणा ना.

लेण्यात त्याचा शिलालेख आहे. त्यात त्याच्या घराण्याची नावं ओळीने येतात, शेवटी कृष्णदास आणि त्याचे दोन मुलगे. हे दोघे भाऊ बरोबरीने लढले. मग धाकट्यावर अनित्यतेचं वज्र कोसळलं, तो गेला. थोरला संसारातून विरक्त झाला आणि त्याने स्तूप-विहार उभारायला घेतले.

भिंतीवर कुठली कथा घ्यायची हे त्याने सांगितलं की भिक्षूंनी, कोण जाणे. पण भाऊ गमावलेला माणूस पैसा पुरवतो आणि त्याच्या लेण्यात एवढी मोठी भिंत हिरावून नेलेल्या दोन भावंडांना मिळते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आणि ही मुलं परत मिळतात, हेही आहेच.

शिलालेख बराच झिजलाय. थोरल्याचं नाव होतं ती जागाच तुटली आहे. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात, पण तो अंदाज. धाकट्याचं नाव मात्र वाचता येतं. रविसांब.