कर्जवसुली, वऱ्हाडातील

शेतकऱ्याकडे थकलेले कर्ज वसूल करण्यासाठी एका कार्यालयातील नोंदी दुसऱ्या कार्यालयातील नोंदींशी ताडून पाहणे आणि शेतकऱ्याच्या हाती पडावयाच्या रकमेतूनच येणे वळते करून घेणे, अशी ही पद्धत आहे. सहकारी क्षेत्रात तिला ‘पतपुरवठा व विपणन यांची सांगड’ असे म्हणतात. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने ऊस व कापूस या दोन पिकांच्या आधारे वाढली. ऊस कारखान्यावाचून दुसरीकडे फारसा जाऊ शकत नाही. त्यामुळे ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज कापून घेणे तुलनेने सोपे ठरले. कापसाचे तसे नाही. तो घरात साठविता येतो, गाडीत भरून कोठेही नेता येतो आणि कोणाच्याही नावावर विकता येतो. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकावरील वरूड तालुक्यात ही अडचण विशेषत्वाने दिसते. येथे कापूस व संत्री ही दोन्ही नगदी पिके आहेत आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापलीकडे मध्य प्रदेशाची सीमा लागून आहे.

वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढील दशकात लोहमार्ग आला व अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. कापसाचा व्यापार वाढला तसा त्यावर कर्ज देणारा सावकारही वाढला. हा सावकार बहुधा स्वतःच कापसाचा खरेदीदार वा अडत्या असे. पेरणीच्या वेळी दिलेली रक्कम तो वेचणीनंतर मालाच्या किमतीतून कापून घेई. कर्जाची नोंद, मालाची नोंद आणि वसुली ही तिन्ही एकाच वहीत होत. पुढे सरकारला व सहकारी संस्थांना जे साधावयाचे होते, ते सावकाराने आपल्या वहीत आधीच साधलेले होते. फरक इतकाच, की त्या वहीवर तपासनीस नव्हता.

सरकारी कर्जाची वाट वेगळी होती. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाखाली व १८८४ च्या शेतकरी कर्ज अधिनियमाखाली दिली जाणारी तगाई जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई. देणारे कार्यालय तहसील आणि घेणारेही तहसीलच. त्यामुळे पटवाऱ्याच्या दप्तराखेरीज दुसरे काही ताडून पाहण्याची गरज नव्हती. तगाई वेळेवर मिळत नसे व अपुरी पडे, म्हणून शेतकऱ्याचे सावकाराकडे जाणे मात्र थांबले नाही. १९०४ च्या अधिनियमाने सहकारी पतसंस्था निघू लागल्या, तेव्हा कर्ज देणारी संस्था महसूल खात्याबाहेरची झाली आणि दोन दप्तरांचा प्रश्न प्रथमच उभा राहिला.

गोरवाला समितीच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे, असे तीत आढळले. समितीने सुचविलेल्या एकात्मिक योजनेचा गाभा म्हणजे कर्ज व मालाची विक्री यांची सांगड. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते. ते मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यावर या विचाराला कायद्याचा आधार मिळाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील तीन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. कलम ४८ अन्वये सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा बोजा चढविणारा ‘इकरार’ लिहून देतो व त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात होते. कलम ४८अ अन्वये त्याच्या संमतीने मालाच्या खरेदीदाराला किमतीतून कर्ज कापून संस्थेकडे भरता येते. आणि कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, ज्याच्या जोरावर जप्ती होऊ शकते.

कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७१ च्या अधिनियमान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त शासनाच्या संकलन केंद्रावर आणावयाचा, प्रतवारी व मोजमाप व्हावयाचे आणि चुकारा बँकेमार्फत व्हावयाचा, अशी तिची रचना होती. प्रारंभी राज्य सहकारी पणन महासंघ आणि १९८४ पासून कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ तिचा अभिकर्ता होता. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या मनमानीतून सोडविणे हा योजनेचा घोषित हेतू. तथापि सहकारी बँकांच्या दृष्टीने तिचे मोल आणखी एका कारणाने होते : सबंध राज्याचा कापूस एकाच दारातून जाणार असल्याने थकबाकीदारांची यादी त्या दाराशी ठेवली की पुरे. गावच्या सोसायटीची येणे यादी, केंद्रावरील मापाची नोंद आणि बँकेतील चुकारा या तीन कागदांचा मेळ घातला जाई व कर्ज कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याला मिळे.

यादी पुरी असली, तरी तिच्यातील माणूस तिच्या बाहेर पडू शकत होता. भावाच्या, जावयाच्या किंवा कर्ज नसलेल्या शेजाऱ्याच्या नावावर कापूस घातला, की कपात टळे. बाहेरचे भाव चढे असले, की माल रात्री सीमा ओलांडून जाई. वरूडहून पांढुर्ण्याची बाजू (पूर्वी छिंदवाडा जिल्हा, २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा) जवळची असल्याने येथे हा मोह अधिक होता. अशा विक्रीला केवळ लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे सारे रोख उत्पन्न एका चुकाऱ्यात येई. त्यातून सोसायटीचे येणे सर्वांत आधी कापले गेल्यावर किराणा, लग्न, पुढच्या पेरणीचे बियाणे यांसाठी तो पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर जाई. चुकारे लांबले, की हा ताण आणखी वाढे. २००२ नंतर खाजगी खरेदीला वाव मिळाला व एकाधिकार संपला. त्याबरोबर वसुलीचे ते एकमेव दारही उरले नाही.

संत्र्याला असे दार कधी नव्हतेच. वरूड-मोर्शी भागात आंबिया व मृग बहाराच्या बागा झाडावरच व्यापाऱ्याला विकल्या जातात. सौदा बागेत होतो, पैसा तेथेच हातात पडतो. या बागांच्या विहिरींसाठी भूविकास बँकेने दिलेली दीर्घ मुदतीची कर्जे म्हणूनच मालाऐवजी जमिनीच्या तारणावरच अवलंबून राहिली.

एकविसाव्या शतकात याद्या जुळविण्याचे हेच तंत्र वसुलीऐवजी माफीसाठी वापरले गेले. केंद्राच्या २००८ च्या योजनेत दोन हेक्टरांची मर्यादा होती. ओलिताच्या मुलखात ती योग्य असेल. पण वऱ्हाडच्या कोरडवाहूत त्याहून अधिक जमीन असलेला माणूसही गरीबच असतो. राज्याच्या २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतच्या माफीसाठी ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले. अर्जातील माहिती बँकांनी ६६ रकान्यांत भरलेल्या माहितीशी व आधार क्रमांकाशी ताडली गेली. नावातील एका अक्षराचा फरक, सामाईक खाते, वडिलांच्या नावे राहिलेला सातबारा अशा कारणांनी अनेकांची प्रकरणे अडकली. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत हा अनुभव जमेस धरून अर्ज टाळण्यात आला; बँकांच्या याद्या गावात लावून शेतकऱ्याच्या अंगठ्याने त्या प्रमाणित केल्या गेल्या. जमीन मक्त्याने वा बटईने करणाऱ्याचे नाव मात्र सातबाऱ्यावर नाही, सोसायटीतही नाही. तो पूर्वी वसुलीच्या यादीत नव्हता, तसा या याद्यांतही आला नाही.

भूविकास बँका गुंडाळण्याचा निर्णय होऊन बरीच वर्षे लोटली, तरी त्यांच्या बोजाच्या नोंदी सातबाऱ्यांवर राहिल्या होत्या. २०२२ मध्ये राज्य शासनाने या बँकांची सु. ९६४ कोटी रुपयांची कर्जे माफ केली. तेव्हा कुठे त्या नोंदी उतरविण्याचा मार्ग मोकळा झाला.