तापलेला फेब्रुवारी काय सांगतो?

चुडाव्याच्या शिवारात फेब्रुवारी म्हणजे गव्हाचा दाणा भरण्याचे दिवस. गारवा टिकला तर दाणा सावकाश भरतो. ऊन तापले की पीक घाईने पिकते आणि दाणा बारीक राहतो. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेतला गहू पोचट राहिला, युद्धाने जगात भाव चढले होतेच. १३ मे रोजी निर्यातबंदी आली. पावसाळा मात्र चांगला झाला! २०२३ मध्ये फेब्रुवारीनेच विक्रम मोडला. हवामान खात्याने उष्ण लाटांचा इशारा दिला आणि मार्चमध्ये मराठवाड्यात पडल्या गारा. पुढे ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. त्यामागे एल निनो होता. फेब्रुवारीच्या उन्हात त्याचा सांगावा शोधू नये.