काचेची सिरिंज, कापडी बाई आणि माझी भाची

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव म्हणजे देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी. एसटी थांबते, चार लोक उतरतात, दोन चढतात, चहाची टपरी, संपलं गाव... असं बाहेरच्याला वाटतं. आम्हाला अर्थातच तसं वाटत नाही. असो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, मी परत कॉलेजला जाणार नाही."

भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीसाठी ताईने बँकेचं कर्ज काढलंय. त्यामुळे हे वाक्य ऐकून घरात एकदम शांतता पसरली. फराळाचं ताट तसंच राहिलं.

हळूहळू तिने सांगितलं. कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये प्लास्टिकच्या हाताला सलाईनची सुई तिने पहिल्याच प्रयत्नात लावली होती. चेकलिस्टवर सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण. मग वॉर्डात एका सत्तरीच्या आजींपुढे उभी राहिली. आजींची शीर सापडेना. शेजारच्या कॉटवरचा इन्फ्युजन पंप वाजायला लागला. मागे उभ्या असलेल्या बाई सगळ्यांसमोर ओरडल्या, "लॅबमध्ये जमत होतं ना?" हिचा हात थरथरला. आजींनी "आई गं" म्हणून हात ओढून घेतला. तेव्हापासून वॉर्डाच्या दारात पाय ठेवला की हिच्या पोटात गोळा येतो. रात्री झोपेत पंपाचा आवाज ऐकू येतो म्हणे.

मी काही वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नाही. पण एखादी गोष्ट कळली नाही की तिचा इतिहास वाचायची मला खोड आहे. मग तेच करत बसलो होतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा काढली ती १८६० साली. आपल्याकडे मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं आणि १८९७ मध्ये तिथेच नर्सिंगची शाळा. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यात विधवाही होत्या. त्या बायकांची भीती कसली असेल? शीर सापडण्याची नंतर, आधी लोक काय म्हणतील याची. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्या जातीचा ते न विचारता त्याची घाण काढायची, आणि संध्याकाळी घरी येऊन नातेवाइकांच्या नजरा झेलायच्या. त्या भीतीवर कुठलंही यंत्र नव्हतं. मागे रमाबाई उभ्या होत्या, एवढंच.

आणि हे शिक्षण व्हायचं कशावर? तर आजारी माणसांवर, नाहीतर वर्गातल्या मैत्रिणींवर. धर्मादाय दवाखान्यात फुकट उपचाराला आलेला गरीब पेशंट हेच त्या काळचं "स्किल लॅब". हे वाचताना मी थोडा थांबलो. जुन्या काळाचं कौतुक करताना हे आपण विसरतो.

१९११ साली अमेरिकेत एक गंमत झाली. हार्टफर्डच्या हॉस्पिटलातल्या नर्सिंग शाळेने मार्था चेस नावाच्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली. या चेसबाई मुलांच्या कापडी बाहुल्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होत्या. मुलींनी या बाहुलीला अंघोळ घालायची, कूस बदलायची, अंथरूण बदलायचं. पुढे तिच्या दंडावर इंजेक्शन द्यायची सोयही झाली. सगळे तिला "मिसेस चेस" म्हणत. म्हणजे भाचीच्या लॅबमधल्या प्लास्टिकच्या हाताची ही पणजीच!

१९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थांनी छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवायचं शिकवणारी "अ‍ॅन" नावाची बाहुली आणली. पुढे त्याच दशकात कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरवर चालणारी डमी आली. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात डॉ. रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची नवी पद्धत मांडली. ओळीने टेबलं, प्रत्येकावर एक काम, ठरावीक मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. हिला "ऑस्की" म्हणतात. ही पद्धत खरं तर न्यायाची आहे, कारण सगळ्यांना सारखाच पेपर. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा जो नवा सेमिस्टरचा अभ्यासक्रम लागू केला, त्यात सिम्युलेशन आहे, ऑस्की आहे, आणि नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स नावाचा विषयसुद्धा आहे.

म्हणजे शंभर वर्षांत पेशंटला दुखवायची भीती बरीचशी बाहुलीने स्वतःच्या अंगावर घेतली. हे चांगलंच झालं. पण भीती गेली नाही, तिने फक्त घर बदललं. आता मुलींना भीती वाटते ती घंटेची, चेकलिस्टची, मॉनिटरच्या आवाजाची आणि मागे उभ्या असलेल्या माणसाची. आणि बाहुलीवर जमलेलं माणसावर जमलं नाही तर "तुला सगळं शिकवलं होतं" हे ऐकायची. पूर्वी चुकलं तर "नवीन आहे" म्हणायची तरी सोय होती.

वाचता वाचता एक जुना अभ्यास सापडला. इझाबेल मेन्झीस नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या सुमारास लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा अभ्यास केला होता. तिथल्या शिकाऊ नर्सपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. का? मेन्झीसबाईंचं म्हणणं असं की आजार, वेदना, मरण यांची भीती अख्ख्या हॉस्पिटललाच वाटत होती. ती दाबायला हॉस्पिटलने नियम रचले होते. पेशंटला नावाने नाही, कॉट नंबरने ओळखायचं. एका पेशंटची सगळी सेवा न करता कामाचे तुकडे करायचे. भावना दाखवायची नाही. या नियमांनी भीती कमी व्हायच्याऐवजी वाढली, कारण मुलींना ती कोणाजवळ बोलायची सोयच राहिली नाही.

त्या काळात तिथे ना कॉम्प्युटर होता ना ऑस्की. तरी मुली जातच होत्या. मग दोष एकट्या यंत्राला कसा द्यायचा?

आता परत फाट्यावर येतो. माझी मावशी एएनएम होती, म्हणजे खेड्यातली नर्सबाई. १९८० च्या सुमारास दहावीनंतरचा दीड वर्षाचा कोर्स केला, उपकेंद्रात नोकरी लागली, २०२० मध्ये रिटायर झाली. भाचीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकरा, मी पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा हात इतका कापत होता की सिरिंज खाली पडून फुटली. काचेची होती. फुटली तर पैसे कापतील, म्हणून मी त्या पेशंटपेक्षा सिरिंजकडंच बघत होते."

मग ती सिरिंजचा इतिहास सांगायला लागली. तो मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. सुया उकळायच्या, लसीकरणाच्या दिवशी प्रेशर कुकरसारख्या भांड्यात सगळं वाफवून न्यायचं, बोथट झालेली सुई घासून धार लावायची. २००५ पासून सरकारी लसीकरणात एकदाच वापरून आपोआप लॉक होणाऱ्या सिरिंज आल्या, तेव्हा तिला पहिल्यांदा रात्री शांत झोप लागली. उकळायला कमी पडलं असेल का, ही काळजी पंचवीस वर्षं तिच्याबरोबर होती. "त्या मशीनला नावं ठेवू नको," ती म्हणाली. "मशीननं मला लई सोडवलं." पुढे नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या हातात टॅब आला. तेव्हा मात्र ही परत शिकाऊ मुलगी झाली. चुकीचं बटण दाबून एखाद्या गरोदर बाईची नोंदच उडाली तर? शेवटी उपकेंद्रातल्या आशाताईंनी शेजारी बसून शिकवलं.

भाचीने विचारलं, "आजी, मग तुझा हात कापायचा कधी थांबला?"

मावशीने जरा विचार केला. म्हणाली, "आमच्या एक सिस्टर होत्या. सिरिंज फुटली त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसरी काढून दिली आणि माझ्या हाताखाली आपला हात धरला. पेशंटला म्हणाल्या, ही माझी पोरगी आहे, जरा दम धर. पण खरं सांगू? तो गरीब होता म्हणून गप बसला. त्याच्या जागी तुझी प्लास्टिकची बाई असती तर बरं झालं असतं."

मी हे ऐकत होतो आणि मनात रमाबाई, मेन्झीसबाई, मिसेस चेस सगळ्या एका ओळीत बसत होत्या. बाहुली पाहिजेच. गरिबाच्या हातावर शिकणं संपलं पाहिजे. पण बाहुलीपासून माणसापर्यंतची जी दहा पावलं आहेत, ती मुलीने एकटीने चालायची नसतात. त्या दहा पावलांसाठी कोणीतरी शेजारी लागतं, मागे नाही. यंत्र विकत घेता येतं. हा शेजार मात्र टेंडर काढून मिळत नाही.

मावशीला बीपी आहे. घरात बटण दाबायचं मशीन आहे, पण तिने कपाटातून तिचं जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं. भाचीला म्हणाली, "बघ माझं." भाचीने पट्टा बांधला, स्टेथो लावला. पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही. मावशी म्हणाली, "परत बघ. मला कुठं जायचंय?" दुसऱ्यांदा सापडलं. नंतर मशीननेही मोजून पाहिलं, आकडे जवळजवळ जुळले.

भाऊबीज झाल्यावर भाची परत गेली. मी तिला सेलूच्या एसटीत बसवून दिलं. भीती गेली असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. परवा फोन आला होता. त्या आजींना डिस्चार्ज मिळून गेल्या होत्या, म्हणून त्यांची माफी मागायची राहून गेली, याचं तिला वाईट वाटत होतं. आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी लॅबबाहेर रडत होती, तिच्याजवळ ही अर्धा तास बसून आली.

मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "टिकंल मग."