वालाचे बियाणे आणि टपालाचे पाकीट

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांचा इतिहास लिहावयास कोणी बसले, की तो बहुधा ठरावीक मुक्कामांवर थांबतो. शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० मधील अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे निघालेली आगगाडी. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. आणि त्याच छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी बांधवांनी उभे केलेले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी नाव मिळालेले उल्हासनगर. हे मुक्काम महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु मंदिर, रूळ आणि बराकी ज्या जमिनीवर उभ्या राहिल्या, त्या जमिनीत काय पिकत होते, त्याचे बियाणे कोठून येत असे आणि कोणाच्या हातून कोणाकडे जात असे, हा इतिहास सहसा लिहिला जात नाही. तो थोडासा लिहून पाहावा, असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही वालाचा दाणा निवडला आहे.

हा सारा प्रदेश भाताचा. उल्हास नदीच्या खोऱ्यात आश्विन-कार्तिकात भात कापले जाते आणि जमिनीत ओल शिल्लक राहते. त्या ओलीवर, वरून पाण्याचा थेंबही न देता, वाल पेरण्याची कोकणपट्टीची फार जुनी रीत आहे. दव आणि जमिनीतील ओलावा एवढ्यावर वेल वाढतो. पौष-माघात कोवळ्या शेंगा येतात आणि फाल्गुनाच्या सुमारास वाळलेले दाणे घरात येतात. त्या शेंगांची पोपटी रायगडच्या बाजूस आजही लागते. भिजवून, मोड आणून, सोललेल्या वालाचे बिरडे हे तर ठाणे-रायगडकडील सर्व जातिधर्मांच्या घरांत शिजणारे अन्न. नवा वाल घरात येण्याचा काळ आणि आपला प्रायश्चित्तकाळ बहुतेक एकाच वेळी येतात. शुक्रवारच्या सामिषवर्ज्य ताटात बिरड्याला मान मिळाला, त्यामागे शेताचे हे वेळापत्रकही आहे.

‘वाल’ हा शब्द एक असला तरी वाण एक नाही. कडवा वाल निराळा, गोडा निराळा. दाणा कोठे पांढरा, कोठे तांबूस, कोठे काळपट. वाल, पावटा आणि वालपापडी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची भावंडे होत. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांत वालाचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे त्याची आपल्या देशातील वस्ती हजारो वर्षांची आहे. वालाच्या जुन्या वाणांना दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुले येत नाहीत. ज्या मुलखात वाण रुळला, त्या मुलखाच्या ऋतूंचे पंचांगच जणू त्याच्या अंगी भिनलेले असते. म्हणूनच एका खोऱ्यातला वाण दुसऱ्या खोऱ्यात तसाच पिकेल, असे खात्रीने सांगता येत नाही.

बियाणे जपण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडे असे. वेलावरच्या भरदार शेंगा तशाच वाळू द्यावयाच्या, दाणे काढून कडक उन्हात तापवावयाचे, मग राख किंवा तांबडी माती चोळून मडक्यात भरून तोंड लिंपावयाचे. भुंगा लागू नये म्हणून ही सारी खबरदारी. कारण भुंगा दाण्याच्या आत शिरतो आणि पेरणीच्या वेळी हाती नुसते टरफल लागते. एवढे करूनही एखाद्या वर्षी बियाणे संपे. तेव्हा दोन वाटा असत. एक सावकाराची, जेथे नेलेले धान्य सवाईने किंवा दिढीने परत करावे लागे. दुसरी शेजारणीची किंवा माहेरची, जेथून पदरात बांधून आणलेली पुरचुंडी पुढल्या सुगीस तेवढीच, किंवा मनाला वाटेल तेवढी, परत जाई. पहिल्या वाटेची नोंद सावकाराच्या वहीत सापडते. दुसरीची नोंद कोठेच नाही. परंतु गावोगावचे वाण टिकले ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेने, असे आम्हांस वाटते.

परमुलखातील शेंगांनाही या वाटेने आपल्या परसात जागा मिळाली. चवळी मूळची आफ्रिकेची. राजमा, फरसबी आणि डबल बी यांचे मूळ घर अमेरिका खंडात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय गलबते त्या खंडास पोहोचेपर्यंत आपल्याकडे ती कोणास ठाऊक नव्हती. पोर्तुगीज अमलात वसई-गोव्याच्या किनाऱ्यावर मिरची, पपई, पेरू, काजू अशी त्या खंडाची पिके उतरली आणि पाहता पाहता देशी होऊन गेली. उल्हासनगरच्या निर्वासित कुटुंबांची कथा याच्या उलट. त्यांची शेते सिंधुतीरी राहिली, स्वयंपाकघर तेवढे बरोबर आले. गवार-भेंडी घातलेली सिंधी कढी त्यांनी येथल्या बाजारातील भाजीवर पुन्हा उभी केली.

पुरचुंडी जेथवर पायी नेता येईल, तेथवरच तिची धाव. ही मर्यादा टपालाने ओलांडली. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणास पोहोचली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हिंदुस्थानभर टपालाची तिकिटे सुरू झाली. नव्या नियमाने पत्राचा दर अंतरावर न ठरता वजनावर ठरू लागला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्यास. वजनाने हलकी आणि वाटेत न नासणारी वस्तू आता कितीही दूर पाठविता येणार होती. वाळलेले बी ही नेमकी तशी वस्तू आहे.

याच काळात युरोपातील एका मठात बियाण्यांची एक थोर टपालवारी घडली. ब्रनो येथील संत थॉमस मठाचे ऑगस्टिनियन व्रतस्थ धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या आठ वर्षांत मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे अभ्यासिली. बियाणे-व्यापाऱ्यांकडून त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण मिळविले, दोन वर्षे पेरून त्यांची शुद्धता पारखली आणि मगच त्यांतील २२ प्रयोगासाठी निवडले. घेवड्यावरही त्यांनी प्रयोग केले. वाटाण्यात सापडलेला नियम घेवड्याच्या फुलांच्या रंगात सरळपणे दिसेना, हे त्यांनी आपल्या १८६६ च्या निबंधात प्रांजळपणे नमूद केले आहे. पुढे म्यूनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. नेगेलींना त्यांचे निष्कर्ष पटत नव्हते. तेव्हा १८६७ मध्ये मेंडेल यांनी बियाण्यांच्या १४० पुड्या त्यांच्याकडे धाडल्या. आपण स्वतः पेरून पाहावे, हा त्यातील आशय. नेगेलींचे मत त्यामुळे बदलले नाही, आणि १८८४ मध्ये मेंडेल निवर्तले तेव्हा त्यांच्या संशोधनाची महती जगास कळली नव्हती. १९०० साली ती कळली. वाद शब्दांनी मिटत नसेल तर समोरच्याच्या हाती बी द्यावे, ही त्या धर्मगुरूंची रीत आम्हांस फार मोलाची वाटते.

हौशी बागाईतदारांनी टपालाचा असा उपयोग संघटितपणे केला तो अमेरिकेत. डायन ऑट व्हीली या तरुण स्त्रीस तिचे आजोबा बॅप्टिस्ट ऑट यांनी एका फुलवेलीचे आणि एका टोमॅटोचे बी दिले. घराण्याच्या पूर्वजांनी बव्हेरियाहून येताना आणलेल्या बियाण्याचा तो वारसा होता. आजोबांमागे हे बी कोण जपणार, या विचारातून तिने व तिचे पती केंट व्हीली यांनी १९७५ मध्ये बियाण्यांची देवघेव करणारे मंडळ स्थापिले. कोणाकडे कोणते घरगुती वाण आहे याची यादी छापावयाची आणि ज्याला हवे त्याने पत्र लिहून मागवावयाचे, असा साधा क्रम. जॉन विदी नावाच्या गृहस्थांनी तर लहानपणी खाल्लेल्या घेवड्याच्या शोधात हजाराहून अधिक वाण गोळा केले. एकट्याने एवढे पेरणे अशक्य, म्हणून ते निरनिराळ्या सभासदांकडे टपालाने बी पाठवीत. सभासद ते पिकवून काही भाग परत धाडीत. १९८१ मध्ये हा सारा संग्रह त्यांनी व्हीली दांपत्याच्या मंडळाच्या स्वाधीन केला.

घेवड्या-वालाच्याच जातींवर हे का साधले, याला कारण आहे. घेवड्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. वालाचेही पुष्कळ अंशी तसेच, जरी मोठे भुंगे थोडाफार संकर घडवीत असले तरी. म्हणून परसातल्या चार वेलांवरही वाण बऱ्याच अंशी शुद्ध राहतो. मक्यासारख्या पिकाला ही सोय नाही. कडधान्याच्या शेंगा सामान्य कुटुंबाच्या हाती राहिल्या, त्या अशा.

आपल्या महाराष्ट्रात या कार्याचे सर्वांत ठळक नाव राहीबाई पोपेरे यांचे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या या महादेव कोळी समाजातील शेतकरी बाई कधी शाळेत गेल्या नाहीत. बाएफ संस्थेच्या साह्याने त्यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. वाल-घेवड्याचे अनेक वाण त्यांच्या संग्रहात आहेत. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडके, राख आणि शेणमाती ही जी साधने आपल्या आज्यांच्या हाती होती, तीच त्यांच्याही हाती आहेत. देवघेवीला कायद्याचाही आधार आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे मात्र नाममुद्रा लावून त्याला विकता येत नाही.

आता आपल्या तीन गावांकडे वळू. येथील शेती एका दिवसात गेली नाही. छावणीने काही जमीन घेतली, कारखान्यांनी काही घेतली, बारवीच्या धरणाखाली काही बुडाली आणि अलीकडच्या चाळीसेक वर्षांत इमारतींनी बरीच व्यापली. यात कोणा एकाला दोष द्यावा असे नाही; त्या इमारतींत आपणच राहतो. परंतु शेत गेले की त्यावर पिकणारा वाणही जातो, आणि त्याचे जाणे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण वाण्याकडचे पोते भरलेलेच असते. त्या पोत्यातला वाल कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या राज्यातला, हे सांगणे वाण्यालाही कठीण. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण वाल’ या नावाने सुधारलेले वाण दिले, त्यांचा शेतकऱ्यास लाभच झाला. दिल्लीस १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शीतगृहातही असंख्य देशी बियाणी जपली आहेत. तरी सुधारित वाण घडवावयाचा तो जुन्या वाणांतूनच. आणि शीतगृहातले बी उणे १८ अंशांवर झोपलेले असते. बदलते पाऊसमान, नवी कीड यांना तोंड देत दरवर्षी बदलत राहणे, हे शेतात आणि परसातच घडते.

इमारतीत राहणाऱ्याने करावे तरी काय? गच्चीवर किंवा खिडकीच्या कठड्याशी एका मोठ्या कुंडीत दोन वेल लावता येतात. वांगणी-कर्जतकडे किंवा मुरबाडच्या बाजूस ज्यांचे नातेवाईक अजून शेती करतात, त्यांच्याकडून ओंजळभर बी मागून घ्यावे. दाणा नखाने दाबून वण उठणार नाही इतका वाळवावा. प्लास्टिकची पिशवी टाळून कागदाची पुडी करावी, तिच्यावर वाणाचे घरगुती नाव, गाव, ज्यांनी दिले त्या घराचा उल्लेख आणि साल लिहावे, आणि जाड पाकिटात घालून टपालाने दुसऱ्यास धाडावे. नाव-गाव नसलेले बी उगवते खरे, पण त्याचा इतिहास उगवत नाही. आपल्या देशाबाहेरून मात्र असे बी परवान्यावाचून मागवू नये. त्यासोबत रोग-कीड येते, म्हणून २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने त्यावर निर्बंध आहेत. २०२० मध्ये परदेशांतील अनेक घरी न मागविलेल्या बियाण्यांची अनोळखी पाकिटे येऊन पडली, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही सावधगिरीचा इशारा दिला होता.

ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या मंदिरात आणून आशीर्वादित केल्या जातात. त्यानंतर महिन्याभराने वालाची पेरणी. बियाणे बदलण्यास याहून योग्य वेळ कोणती? आपल्या धर्मग्रामांतून त्या दिवशी लोंब्यांशेजारी एक टोपली ठेवावी आणि ज्यांच्या घरी जुने बी असेल त्यांनी नाव लिहिलेल्या पुड्या तीत ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो. ज्या वाचकांच्या घरी अजून आजीच्या हातचे वालाचे मडके आहे, त्यांनी ते यंदा उघडून पाहावे. जुने बी सगळेच उगवणार नाही. दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. चार-सहा दिवसांत चारांना जरी मोड आले, तरी तेवढ्या बियाण्यातून तो वाण पुन्हा उभा राहू शकतो.