आपल्या घरात टीव्ही आला कुठून?

सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणीचं वर्ष, पहिली कमिटी, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स डीड आणि रंगकाम हे ओघानं आलंच. ते सगळं या स्मरणिकेत अध्यक्ष आणि सचिवांच्या लेखांत आहे. मी जरा वेगळा इतिहास सांगणार आहे. तो कुठल्याच मिनिट-बुकात नाही. २००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हापासून आपल्या ४८ घरांत मोठे टीव्ही कसे आले आणि कुणाकडून आले, त्याचा हा इतिहास. टीव्हीच का? तर घरातली एवढी महागडी, एवढी नाजूक आणि सगळ्यांनी मिळून वापरायची दुसरी वस्तू नाही. शिवाय ती घरात येताना अख्ख्या जिन्याला कळतं!

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. तेव्हा टीव्ही ठेवायला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात फी भरायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं, आमच्या वडिलांच्या कागदपत्रांत ते पुस्तक अजून आहे. १९८२ मध्ये रंग आला, १९८७ मध्ये ‘रामायण’ आलं, आणि वाड्यातल्या एका टीव्हीपुढे बसणारी माणसं आपापल्या घरी टीव्ही घ्यायला लागली.

त्या काळी टीव्ही घेणं म्हणजे बुधवार पेठेत जाणं, तपकीर गल्लीच्या आसपास चार दुकानं फिरणं आणि शेवटी कुणाच्या तरी ओळखीच्या दुकानातून घेणं. ओळख का लागायची? कारण टीव्ही घरी आणून चालत नसे. दुकानाचा माणूस गच्चीवर चढायचा, अँटेना सिंहगडाच्या दिशेला फिरवायचा, खालून आपण ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ पाऊस-वाऱ्यानं अँटेना फिरली की पुन्हा तोच माणूस. म्हणजे पैसे एका वस्तूचे दिले, तरी घरात यायचा तो एक माणूस आणि त्याचा शब्द.

आपण इथे आलो तेव्हा अँटेना जाऊन केबल आली होती. पण ही रीत तशीच होती. आपल्या कोपऱ्यावर इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं, जुन्या सभासदांना आठवत असेल. दुकानाचे मालक सगळ्यांचे ‘काका’. २१ इंची घ्यायचा की २९ इंची, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. ओनिडा, बीपीएल, आणि आपल्या औरंगाबादची व्हिडिओकॉन ही नावं घरोघरी होती, आणि बाहेरून आलेल्या कंपन्या हळूहळू त्यांना मागे टाकत होत्या. २९ इंची टीव्ही चाळीस किलोच्या पुढे जायचा. तो लिफ्टमध्ये बसायचा, पण लिफ्टमधून काढून हॉलमधल्या शोकेसपर्यंत न्यायला चार माणसं लागत. काकांचा एक मुलगा आणि दोन कामगार असायचे, चौथा माणूस म्हणजे शेजारी. बी विंगमध्ये निम्म्या घरांच्या टीव्हीला माझा हात लागलेला आहे!

काका हप्ते द्यायचे. व्याजाचा हिशेब कागदावर नसायचा, किमतीत असायचा. एखाद्यानं शहरातल्या मोठ्या दुकानातला कमी भाव सांगितला, की काका म्हणायचे, ‘तिकडून घ्या की. फक्त बिघडला की तिकडेच न्या.’ त्या एका वाक्यावर त्यांचा धंदा चालायचा, आणि ते वाक्य खरं होतं. वॉरंटी कंपनीची असली, तरी कंपनीचा माणूस बोलवायचं काम काका करायचे. आपण फक्त दुकानासमोरून जाताना आत डोकावायचं.

२००६ च्या सुमाराला मोठी शोरूम आली. क्रोमाचं पहिलं दुकान त्याच वर्षी मुंबईत जुहूला निघालं. १९६७ मध्ये माहीमच्या छोट्या दुकानातून सुरू झालेल्या विजय सेल्सनंही आपला पसारा वाढवला. भिंतभर ओळीनं चालू असलेले पातळ एलसीडी टीव्ही आपण पहिल्यांदा तिथे पाहिले. काकांच्या दुकानात तीन टीव्ही चालू असायचे, तिथे तीस.

त्याला आपल्या सोसायटीनं दिलेलं उत्तर मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाआधी सात घरांना एकदमच ३२ इंची एलसीडी घ्यायचा होता. पुण्यात ग्राहक चळवळ जुनी. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायत सुरू केली, आणि एकत्र खरेदी करायची सवय आपल्यापैकी काहींना घरातूनच होती. सातजण मिळून काकांकडे गेले. काकांनी वितरकाशी बोलून शोरूमच्याच भावात सात टीव्ही आणले आणि भिंतीवर टांगूनही दिले. २ एप्रिलला वानखेडेवर शेवटचा षटकार गेला, तेव्हा तिन्ही इमारतींतून एकच आरडाओरडा झाला. भाव आणि माणूस दोन्ही एकाच ठिकाणी मिळाले, असं ते बहुतेक शेवटचं वर्ष.

कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळं बदललं. एप्रिल २०१३ मध्ये पुण्यात जकात जाऊन एलबीटी आला आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. दुकानांची शटर खाली होती. त्याच जूनमध्ये अॅमेझॉननं भारतात विक्री सुरू केली. फ्लिपकार्ट २००७ पासून होतंच, पण सुरुवातीला पुस्तकांपुरतं. ऑक्टोबर २०१४ च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या सेलच्या दिवशी आपल्याकडची तरुण मुलं सकाळपासून मोबाईल घेऊन बसली होती. दसरा-पाडव्याच्या मुहूर्ताच्या जोडीला सेलचा मुहूर्त आला. सी विंगमध्ये पहिला ऑनलाइन टीव्ही त्या दिवाळीत आला. काकांच्या भावापेक्षा सहा हजारांनी स्वस्त होता. सहा हजार म्हणजे तेव्हा दोन वर्षांची केबल! कुणी कुणाला दोष द्यावा?

स्वस्त का पडायचा, हेही समजून घेऊ. मधला वितरक नाही, मोक्याच्या जागेचं भाडं नाही, आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी सुरुवातीला तोटा सोसायची तयारी. शिवाय काही कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळे मॉडेल काढतात. नंबरात एखादं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे दुकानातला आणि मोबाईलवरचा टीव्ही एकच की नाही, हेच कळत नाही. कराचं म्हणाल, तर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून दोन्हीकडे कर सारखाच. मोठ्या टीव्हीवर तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. ‘बिनपावतीचा घ्या, स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं, तर ती स्वस्ताई आपल्या वॉरंटीतून वजा होते, एवढं लक्षात ठेवावं.

आणि मग २०१८ मधली ती घटना. ए विंगमधल्या आजी-आजोबांना परदेशातल्या मुलानं ५५ इंची टीव्ही ऑनलाइन पाठवला. खोकं धडधाकट होतं, आजोबांनी सही केली. दोन दिवसांनी बसवणारा आला, खोकं उघडलं, तर पडद्याच्या कोपऱ्यातून तडा गेलेला. विकणारा म्हणे वाहतूकवाल्याला विचारा, वाहतूकवाला म्हणे सही झाली, कंपनी म्हणे आदळून फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. या टीव्हीत पडदा हाच मुख्य खर्च, तो बदलणं जवळजवळ नव्या टीव्हीएवढं. तीन आठवडे दोघं फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ करत होती. शेवटी मुलानं तिकडून पाठपुरावा केला आणि टीव्ही बदलून मिळाला. आजी तेव्हा म्हणाल्या, ‘भांडायला तरी समोर माणूस हवा हो.’

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा इतिहास एकतर्फी होईल. आपल्याच एका सभासदानं शहरातल्या एका दुकानातून टीव्ही घेतला, वर तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे पैसे भरले. दीड वर्षात दुकानच बंद झालं. समोर माणूस होता, तो निघून गेला! आणि ‘दुकानात डोळ्यांनी बघून घेतो’ याचाही अर्धाच उपयोग. दुकानातला टीव्ही झगझगीत उजेडात, मुद्दाम बनवलेली चित्रफीत दाखवत असतो. घरी त्यावर केबलचं साधं चॅनल लावलं की चित्र फिकट आणि फुटकं वाटतं. तेव्हा आपण नेहमी बघतो तोच कार्यक्रम दुकानात लावायला सांगावा.

२०२० च्या मार्चमध्ये दुकानं बंद झाली आणि अत्यावश्यक सोडून बाकी वस्तूंची ऑनलाइन पोचही थांबली. दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे दोन टीव्ही बंद पडले. काका तेव्हा सत्तरीत. त्यांनी फोनवरून, कुठला स्क्रू काढायचा आणि कशाला हात लावायचा नाही ते सांगून, एक टीव्ही आपल्या इंजिनिअर मुलांकडून सुरू करून घेतला. पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

काकांचा मुलगा मात्र याच कामात आहे. ऑनलाइन टीव्ही आला की बसवायला बहुतेक तोच येतो, एका कंपनीच्या कंत्राटावर, भेटीमागे ठरलेल्या पैशांत. भिंतीला ड्रिल मारणारा हात तोच आहे. फरक एवढाच, की टीव्ही बिघडला तर तो जबाबदार नाही, आणि आपली तक्रार त्याच्यापर्यंत पोचतही नाही. पंचवीस वर्षांत टीव्ही स्वस्त झाला, मोठा झाला, ५५ इंची असूनही दोघांनी उचलण्याइतका हलका झाला. ओझं कमी झालं तसं उत्तर देणारा माणूसही लांब गेला. माझ्या मते आपल्या खरेदीचा इतिहास एवढाच आहे.

मग घ्यायचा कुठून? माझं म्हणणं असं. घरात कुणी तरुण, मोबाईलवर पाठपुरावा करणारं असेल, तर ऑनलाइन खुशाल घ्यावा. पण खोकं आणणाऱ्यासमोर उघडून टीव्ही चालू करून बघायची सोय असेल तीच निवडावी, उघडतानाचं चित्रीकरण करावं, आणि तपासल्याशिवाय ओटीपी देऊ नये. घरात फक्त ज्येष्ठ मंडळी असतील, तर दोन-तीन हजार जास्त देऊन जवळच्या दुकानातून, पक्की पावती घेऊन घ्यावा. ते जादा पैसे टीव्हीचे नसतात, धावून येणाऱ्या माणसाचे असतात. आकाराचं म्हणाल, तर ५५ इंचीसाठी सोफा भिंतीपासून साधारण सात फुटांवर हवा. आपल्या हॉलमध्ये तेवढी जागा आहे, ६५ इंचीचा मोह आवरावा!

आणि तक्रारीला आता कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते, विकणारा कुठल्याही गावचा असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १९१५. तो नोटीस बोर्डवर लावावा, अशी कमिटीला विनंती.

दुसरी विनंती आपणा सर्वांना. ज्येष्ठांच्या घरी मोठं खोकं येणार असेल, तेव्हा जिन्यातल्या एखाद्यानं त्या वेळी तिथे थांबावं. चौथा माणूस म्हणून शेजारी लागायचा, तो अजूनही लागतो. आता उचलायला नाही, सही करण्याआधी खोकं उघडून बघायला.