फौजेविना फौजदार

पोलीस उपनिरीक्षकाला गावाकडे अजूनही फौजदार म्हणतात. हाताशी फौज नसते. कधीकधी जीपही नसते. मोगल अमलातला फौजदार मात्र खरोखरच शिपाई बाळगून असे. अरबी ‘फौज’ला फारसी ‘दार’ जोडून हा शब्द बनला. दरोडेखोरांचा, पुंडांचा बंदोबस्त हे त्याचं काम. महसुलाचा कारभार दिवाणाचा. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या जिल्ह्यांत दोन न्यायालयं नेमली, तीही याच नावांनी: दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत.

जमीनजुमल्याचं ते दिवाणी आणि मारामारीचं ते फौजदारी, असा आपला ढोबळ समज. तो अपुरा आहे. अब्रूनुकसानीच घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. त्याच शब्दांसाठी दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावाही लावता येतो, कारण ते अपकृत्यही आहे. वकील त्याला ‘टॉर्ट’ म्हणतात. मूळ लॅटिन, अर्थ पिळलेलं, वाकडं. आपल्या ‘वाकड्यात शिरणे’चा जणू दूरचा भाऊच!

पुराव्याचं मापही निराळं. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. दिवाणीत पारडं एका बाजूला झुकलं तरी पुरतं. म्हणून एकाच अपघातात चालक निर्दोष सुटतो आणि भरपाई मात्र द्यावी लागते.