चारपट म्हणजे कशाच्या चारपट?

आजचा विषय वाचून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस लॅपटॉपवर काय बोलणार? कोणता लॅपटॉप घ्यावा हे मी सांगणार नाहीच, ते तुमची नातवंडं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला रस आहे तो फक्त एका वाक्यात. 'नवं मॉडेल जुन्यापेक्षा चारपट वेगवान आहे.' हे वाक्य आपण जाहिरातीत वाचतो, दुकानात ऐकतो आणि त्यावर विसंबून पन्नास-साठ हजार रुपये मोजतो. या वाक्याला इतिहास आहे आणि त्याच्या रचनेत एक गंमतही आहे. गंमत आधी सांगतो.

शाळेत आपण सगळेच अलंकार शिकलो. 'मुख चंद्रासारखं सुंदर आहे.' यात मुख उपमेय, चंद्र उपमान, 'सारखं' हा साम्य दाखवणारा शब्द आणि सौंदर्य हा साधारण धर्म, म्हणजे दोघांत समान असलेला गुण. यातला एखादा घटक गाळला की तिला लुप्तोपमा म्हणतात. आणि उपमेय उपमानाहून वरचढ ठरवलं की तो व्यतिरेक. आता आपलं वाक्य घ्या. नवा लॅपटॉप उपमेय, जुना उपमान, नवा वरचढ, म्हणजे व्यतिरेक झाला. पण साधारण धर्म कुठे आहे? तुम्ही म्हणाल, वेग आहे की! गाडीचा वेग म्हणजे ताशी किती किलोमीटर, हे आपल्याला कळतं, कारण अंतर ही एकच गोष्ट आहे. लॅपटॉप कुठलं अंतर कापतो? तो पत्र लिहितो, फोटो उजळतो, हिशेब करतो, सिनेमा दाखवतो. प्रत्येक कामाचा वेग निराळा. म्हणजे 'वेग' हा शब्द वाक्यात आहे, पण धर्म लुप्तच आहे. कवीने गाळलेला धर्म वाचक आपल्या मनाने भरतो. इथेही तसंच होतं, ग्राहक आपल्या मनातलं काम तिथे भरतो. विक्रेत्याच्या मनात वेगळंच काम असतं.

एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. १० जानेवारी २००६. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकबुक प्रो हा लॅपटॉप दाखवला. त्याआधीचं मॉडेल पॉवरबुक जी-फोर, त्याची शेवटची आवृत्ती जेमतेम तीन महिन्यांपूर्वीची, ऑक्टोबर २००५ची. जॉब्स म्हणाले, नवा चार ते पाचपट वेगवान आहे. कंपनीच्या पत्रकात जरा सावध भाषा होती, 'चारपटीपर्यंत'. हा 'पर्यंत' तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा शब्द आहे. शंभर कामांपैकी एकाच कामात चारपट साधली आणि उरलेल्या नव्याण्णव कामांत काही फरक पडला नाही, तरी ते वाक्य खरंच राहतं. वरची मर्यादा सांगितली, खालची नाही.

आता यातली मौज बघा. जुन्या पॉवरबुकचा प्रोसेसर १.६७ गिगाहर्ट्झचा होता. त्या दिवशी जाहीर झालेल्या नव्या लॅपटॉपच्या स्वस्त प्रकारातला प्रोसेसरही १.६७ गिगाहर्ट्झचाच! (फेब्रुवारीत माल निघाला तेव्हा तो १.८३ केला, ते सोडा.) म्हणजे ज्या आकड्यावरून लोक वर्षानुवर्षं वेग जोखत आले, तो दोन्हीकडे सारखा आणि दावा चारपटीचा. मग ही चारपट आली कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७७मध्ये डेक कंपनीने व्हॅक्स ११/७८० नावाचं यंत्र काढलं. कपाटाएवढं धूड. त्याला लोक 'एक मिप्स'चं यंत्र म्हणत, म्हणजे सेकंदाला दहा लाख आज्ञा. प्रत्यक्षात ते स्वतःच्या आज्ञा त्याच्या निम्म्याच्या आसपास पाळत होतं, हे नंतर लक्षात आलं. पण तोवर ते माप होऊन बसलं होतं. जेम्स वॉटने घोडा धरून अश्वशक्ती ठरवली, तसं इथे व्हॅक्स धरलं.

मग कोणतं काम करून मोजायचं हा प्रश्न होताच. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९७२मध्ये व्हेटस्टोन नावाची चाचणी तयार झाली. व्हेटस्टोन हे लेस्टरशायरमधलं गाव, ज्या कंपायलरवरून हे नाव पडलं तो तिथे तयार झाला होता. कल्पना चांगली होती. शास्त्रज्ञांचे खरे प्रोग्रॅम कुठल्या प्रकारच्या आज्ञा किती वेळा वापरतात ते पाहायचं आणि त्याच प्रमाणात आज्ञा असलेला एक छोटा कृत्रिम प्रोग्रॅम लिहायचा. हिने दशांशातली आकडेमोड मोजली. १९८४मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी पूर्णांक आणि अक्षरांच्या कामासाठी दुसरी चाचणी लिहिली आणि नाव ठेवलं ड्राइस्टोन. पहिलीच्या नावात 'ओलं' ऐकू येतं, म्हणून ही कोरडी. असो. या कृत्रिम चाचण्यांचं दुखणं असं की, त्यांतल्या कामाचा कोणालाच उपयोग नसतो. कंपायलर हुशार होत गेले तसं त्यांनी ते ओळखलं. या हिशेबाचं उत्तर पुढे कोणी वापरतच नाही, मग तो करायचा कशाला? आणि तेवढा भाग ते गाळू लागले. काम न करता यंत्र वेगवान ठरू लागलं!

यावर उपाय म्हणून १९८८मध्ये काही कंपन्यांनी मिळून स्पेक ही संस्था काढली. कृत्रिम नको, खरे प्रोग्रॅम घ्या, असं तिचं म्हणणं. पहिल्या संचात दहा प्रोग्रॅम होते आणि तुलनेला पुन्हा तेच व्हॅक्स. त्यातला एक मॅट्रिक्सचे गुणाकार करणारा होता. कंपायलरवाल्यांनी त्या एकाच प्रोग्रॅमवर अशी काही मेहनत घेतली की, त्याचा आकडा आभाळाला भिडला. पुढच्या संचातून, १९९२मध्ये, तो काढून टाकावा लागला. परीक्षेत येणारा प्रश्न आधी कळला की विद्यार्थी काय करतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक तिढा. दहा प्रोग्रॅमचे दहा आकडे आले, त्यांचा एक आकडा कसा करायचा? समजा दोनच कामं आहेत, क आणि ख. जुना लॅपटॉप क एका सेकंदात करतो आणि ख दहा सेकंदांत. नवा बरोबर उलट, क दहा सेकंदांत आणि ख एका. जुना पाया धरला तर नव्याला क साठी दहापट वेळ लागतो, ख साठी एक दशांश. सरासरी ५.०५, म्हणजे नवा पाचपट मंद. आता नवा पाया धरा. तोच हिशेब, जुना पाचपट मंद! दोघंही एकमेकांहून पाचपट मंद. नैयायिकाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. १९८६मध्ये फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी या प्रश्नावर निबंध लिहिला आणि अशा ठिकाणी भूमितीय सरासरी घ्यावी असं दाखवलं. वरच्या उदाहरणात ती एक येते, म्हणजे दोघं समसमान. स्पेक आजही भूमितीय सरासरीच घेतं.

आता परत २००६कडे. जॉब्स यांनी दाखवलेले आकडे स्पेकच्या २०००च्या संचाचे होते, पण 'रेट' या प्रकारचे. एक काम किती लवकर होतं हे रेट मोजत नाही. एकाच कामाच्या अनेक प्रती एकदम चालवल्या तर ठरावीक वेळात किती पुऱ्या होतात, ते मोजतो. नव्या इंटेल प्रोसेसरमध्ये दोन कोअर होते, जी-फोरमध्ये एक. घरात दोन पोळपाट मांडले की तासाला दुप्पट पोळ्या होतात, पण पानावर बसलेल्या पहिल्या माणसाला पहिली पोळी लवकर मिळत नाही. चारपटीतला मोठा वाटा त्या दुसऱ्या पोळपाटाचा होता. सगळाच नव्हे, हेही न्यायाने सांगितलं पाहिजे. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला रस्ता जुन्यात १६७ मेगाहर्ट्झचा होता, नव्यात ६६७चा. सुधारणा खरी होती.

पण घेणाऱ्याच्या हाती काय आलं? समजा एक छायाचित्रकार आहे, त्याचं पोट फोटोशॉपवर चालतं. फोटोशॉप तेव्हा जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेलं होतं. नव्या यंत्रावर ते रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालायचं, प्रत्येक आज्ञेचं जागच्या जागी भाषांतर करत. त्यामुळे ज्या एका कामासाठी त्याने पैसे मोजले, तेच नव्यावर जुन्यापेक्षा हळू होई. नव्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं फोटोशॉप बाजारात आलं एप्रिल २००७मध्ये. सव्वा वर्ष! शिवाय पडद्यावरच्या ओळी ९६०वरून ९०० झाल्या. बाहेरच्या डिस्कसाठीचं जलद फायरवायर ८०० गेलं. डीव्हीडी लिहिण्याचा वेग आठपटीवरून चारपटीवर आला. यातलं काहीही 'चारपट' या आकड्यात बसत नव्हतं, कारण स्पेकला ते विचारलंच नव्हतं.

याच कंपनीने १९९८मध्ये टीव्हीवर एक जाहिरात केली होती. त्यात इंटेलची पेंटियम टू चिप एका गोगलगायीच्या पाठीवर बसवलेली होती. आठ वर्षांत गोगलगाय चित्ता झाली. याला मी ढोंग म्हणणार नाही. मधल्या काळात साधारण धर्मच बदलला होता. २००५च्या जूनमध्ये इंटेलकडे जाण्याचा निर्णय जाहीर करताना जॉब्स यांनी वेगाची गोष्ट सोडून दर वॅटमागे किती काम होतं याचे आकडे दिले होते, इंटेल ७० आणि पॉवरपीसी १५. जी-फाइव्ह प्रोसेसर इतका तापायचा की तो लॅपटॉपमध्ये बसवता आलाच नाही. मांडीवर ठेवायच्या यंत्राला हाच धर्म लागू पडतो, हे म्हणणं मला पटतं. पण तो धर्म तेव्हाच आठवला जेव्हा आपलं पारडं हलकं झालं, हेही खरं.

यावर कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. मग नवा घ्या. १० नोव्हेंबर २०२०ला त्याच कंपनीने इंटेल सोडून स्वतःचा एम-वन प्रोसेसर मॅकबुक एअरमध्ये घातला. पुन्हा 'पर्यंत' होताच, साडेतीनपटीपर्यंत. पण या वेळी दुभाष्यामार्फत चालणारे जुने प्रोग्रॅमही पुष्कळदा जुन्या एअरपेक्षा जलद चालले, आणि यंत्रात पंखाही नव्हता. २००६मध्ये जे वाक्य घेणाऱ्याला अर्धंमुर्धं लागू पडलं, ते २०२०मध्ये बरंचसं लागू पडलं. वाक्याच्या रूपावरून हा फरक कळायला काही मार्ग नव्हता.

आणि दोनच वर्षांनी, २०२२मध्ये, एम-टू आला. प्रोसेसर १८ टक्के वेगवान, असा दावा. मात्र २५६ जीबी साठवणीच्या प्रकारात जुन्या दोन चिपांच्या जागी एकच चिप बसवली होती. दोन चिपांतून एकाच वेळी वाचता येतं, एकीतून येत नाही. पुन्हा पोळपाटच, फक्त या वेळी एक काढून घेतलेला. परीक्षण करणाऱ्यांनी मोजलं तेव्हा त्या साठवणीतून वाचण्याचा वेग जुन्या एम-वनच्या जवळपास निम्मा भरला. मेमरी भरली की लॅपटॉप याच साठवणीचा आधार घेतो, म्हणजे एकदम बरंच काही उघडून बसणाऱ्याला हे जाणवणारच. ५१२ जीबीचा प्रकार घेणाऱ्याला ही अडचण नव्हती. एम-वनचं एअर त्या वेळी विक्रीतून काढलेलं नव्हतं. अमेरिकेत नवं एअर ११९९ डॉलरला होतं आणि जुनं शेजारीच ९९९ला. माझ्या ओळखीत कोणी विचारलं तेव्हा मी एवढंच विचारत असे, दिवसभर त्यावर करता काय? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे फार थोडे भेटले. तुमच्यापैकी कोणाचं उत्तर तयार असेल तर तिथूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.